नमुना क्रमांक सतरा

मी स्पॉटिंगमध्ये दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको.

औषधी आणि उपयुक्त वनस्पतींचा अभ्यास ज्यांच्या वाट्याला आलेला नाही, त्या सुखी माणसांसाठी स्पॉटिंग म्हणजे काय ते सांगते. विद्यापीठाच्या मोठ्या हॉलमध्ये तीस टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एक ट्रे, ट्रेमध्ये एक नमुना. कुठे साल, कुठे बी, कुठे मूळ, कुठे चिमूटभर भुकटी. तीस विद्यार्थी एकेका टेबलासमोर उभे राहतात. दर दोन मिनिटांनी घंटा वाजते आणि सगळे पुढच्या टेबलाशी सरकतात. त्या दोन मिनिटांत वस्तू बघायची, हुंगायची आणि लिहायचं: नाव, कुळ, वापरायचा भाग, उपयोग. तीसपैकी वीस आले तर पास. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात जगातल्या सगळ्या वाळक्या साली एकाच झाडाच्या आहेत असं वाटायला लागतं.

पहिल्या वेळी मला बाराव्या टेबलापासून सुरुवात मिळाली आणि मी उत्तरपत्रिकेत पहिल्या ओळीपासून लिहीत सुटले. त्यामुळे माझ्या मते सरकीच्या काढ्याने खोकला जात होता आणि अडुळशाचे कपडे विणता येत होते. दुसऱ्या वेळी ओळी नीट सांभाळल्या. पण नवव्या टेबलावर एक मूळ होतं. ज्येष्ठमध वाटत होतं, खात्री नव्हती. नमुना चाखायला सक्त मनाई असते. मी फक्त टोक मोडलं. ज्येष्ठमधच निघालं. त्या आनंदात आणि परीक्षेच्या धास्तीत मी ते चघळत राहिले, आणि घंटा झाली तेव्हा ट्रे रिकामा होता. माझ्यामागून आलेल्यांनी रिकाम्या ट्रेचं कुळ लिहिलं. माझा निकाल रद्द झाला आणि त्या दिवसापासून अख्खा विभाग मला ‘नऊ नंबर’ म्हणतो. काही जणांना माझं खरं नाव आता आठवतही नाही.

तिसरी संधी शेवटची, असा विद्यापीठाचा नियम. आणि तीच अट माझ्या बाबांची.

बाबांचं केशकर्तनालय आहे. पुढे तीन खुर्च्या, आणि मागे पडद्याआड विग बनवायची खोली. आमच्या घरी जेवणात केस निघाला तर कोणी तक्रार करत नाही, फक्त कोणाचा आहे ते ओळखतात. मी लहानपणापासून केस झाडलेत, केस निवडलेत, जाळीवर टाके घातलेत. केसांचा मला इतका वीट आला होता की मी झाडांकडे पळाले. झाडांना केस नसतात अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात पानांवरची लव शिकवायला घेतली तेव्हा मी वर्गात रडले होते.

बाबा दुष्ट नाहीत. त्यांची नजर उतरत चालली आहे आणि सुईत दोरा मीच ओवून देते. “तीनदा बस,” ते म्हणाले होते, “मी अडवणार नाही. झालीस पास, तर तुझ्या त्या बीजसंग्रहात नोकरी कर. नाही झालीस, तर मात्र गुपचूप माझ्या शेजारच्या खुर्चीमागे उभं राहायचं.” मी हो म्हटलं होतं. म्हणजे वीस मार्क की आयुष्यभर केस, इतका साधा मामला होता.

तर तिसऱ्यांदा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये काय घडलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते, उगाच कोडी कशाला. स्पॉटिंगच्या वेळी हॉलमधले पंखे बंद ठेवतात, कारण भुकट्या उडतात. एकदा सावरीचा कापूस उडून सगळ्या ट्रेंमध्ये जाऊन बसला होता. तर पंखे बंद, खिडक्या बंद, आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेले एक्स्टर्नल सर टेबलं तपासायला एकटेच आत. उकाड्याने जीव नकोसा झाला, म्हणून त्यांनी डोक्यावरचा विग काढला आणि समोरच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवला. ट्रे सतरा नंबरचा होता. तिथे जटामांसी यायची होती. जटामांसी म्हणजे एक औषधी मूळ. तपकिरी, तंतूतंतूंचं, केसाळ, उग्र वासाचं. ते आणायला आमचे लॅबवाले काका कोठीत गेले होते.

तेवढ्यात विभागप्रमुख बाई आल्या. सरांनी घाईघाईने खुंटीवरची आपली उन्हाची टोपी डोक्यात घातली आणि बाईंबरोबर चहाला गेले. काका जटामांसी घेऊन आले तर सतरा नंबरचा ट्रे भरलेला. बाईंनीच ठेवली असेल म्हणून त्यांनी हातातली परत कोठीत नेऊन टाकली. बाईंना वाटलं काकांनी ठेवली. आणि चहा पिऊन परत आल्यावर सरांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण हॉलमध्ये तीस विद्यार्थी उभे होते आणि घंटा वाजत होती.

मला अकरावं टेबल मिळालं. अकराव्या ओळीवर मी आधीच मोठा बाण काढला आणि सुरुवात केली. अकरा, बारा छान गेले. तेरा नंबरची साल मला ओळखेना, मी तिला ओळखेना. सतरावर पोचायच्या आधीच दिसत होतं की तिथे सगळे खूश आहेत. जो तो वाकायचा, दीर्घ श्वास घ्यायचा, मान डोलवायचा आणि भराभर लिहायचा. आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलंय की डोळा फसवतो, नाक फसवत नाही. आणि वास जटामांसीचाच होता. सर टकलावर रोज जटामांसीचं तेल चोळतात आणि वर विग चढवतात, हे कोणाला माहीत असणार?

माझी पाळी आली. मी हुंगलं. जटामांसी. मग मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

विग! मी केसांपासून पळून पळून इथवर आले, आयुष्यातली शेवटची संधी, आणि ट्रेमध्ये विग! तोही कसला? मशीनचे तिपदरी टाके, डावीकडे भांग, चाळीस टक्के नायलॉन, आणि पुढच्या कडेला कसल्यातरी भयंकर गोंदाचा पिवळा थर. बाबांनी असलं काम बघितलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

मी मान वर केली. समोर, पर्यवेक्षकांच्या खुर्चीत, एक्स्टर्नल सर बसले होते. बंद हॉलमध्ये, उन्हाची टोपी घालून. घामाच्या धारा लागलेल्या, एक हात टोपीवर, आणि नजर माझ्या ट्रेवर. हरवलेलं मूल दुसऱ्याच्या कडेवर दिसावं तसा त्यांचा चेहरा होता. मला सगळं कळलं.

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? उत्तरसूचीत जटामांसी असणार हे उघड होतं. जटामांसी लिहायचं, मार्क घ्यायचा, पुढे सरकायचं. पण डोळ्यांदेखत विग असताना जटामांसी लिहायला माझा हात वळेना. शिवाय ते टाके बघून अंगाचा तिळपापड झाला होता. मी लिहिलं:

‘१७. वनस्पती नाही. विग (पुरुषांचा). केस साठ टक्के मानवी, बाकी नायलॉन. उपयोग: टक्कल झाकणे. शेरा: गोंद चुकीचा आहे, कपाळाला खाज सुटत असणार.’

घंटा झाली. पुढच्या टेबलावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की ही उत्तरपत्रिका तपासणार कोण, तर टोपीवाले. आणि खरं सांगते, पुढचे तीन नमुने त्यापायी गेले.

परीक्षा संपल्याबरोबर सर ताडकन उठले. “सतरा नंबर मला जरा जवळून बघायचाय.”

“निकालानंतर,” बाई म्हणाल्या. काकांनी तोवर तीसही ट्रे लोखंडी कपाटात ठेवले होते. बाईंनी स्वतः कुलूप लावलं आणि वर लाखेची मोहोर केली. “निकाल लागेपर्यंत नमुन्यांना कोणीही हात लावायचा नाही. मागे एकीने नमुना खाल्ला, तेव्हापासून हा नियम केलाय.”

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांनीही बघितलं. त्या नजरेतली माया मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुपारी तोंडी परीक्षा. बाहेरच्या बाकावर आम्ही रांगेने बसलो होतो. आतून येणारा प्रत्येक जण सांगायचा, “सर आजारी दिसतात. टोपी काढत नाहीत.” सतराबद्दल सगळे निर्धास्त होते. सव्वीस जणांनी जटामांसी लिहिली होती, दोघांनी मक्याचे केस, आणि एकाने सुगरणीचं घरटं. मक्याच्या केसवाल्यांना लोक हसत होते. “तू काय लिहिलंस गं, नऊ नंबर?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मला पाणी प्यायचंय.”

मी आत गेले. टेबलाच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला सर. माझी उत्तरपत्रिका सरांच्या हातात. ते एकेका ओळीवर टिक करत खाली येत होते आणि मी श्वास मोजत होते. सोळापर्यंत आले. मग थांबले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि त्यांनी टोपीच्या कडेखाली खाजवलं.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“काही नाही. सतराचं… अक्षर लागत नाहीये. पुढचे बघतो.” त्यांनी भराभर पुढचे तपासले. “सतरा सोडून एकोणीस.”

एकोणीस! माझे कान गरम झाले. एक मार्क. एका मार्कावर बीजसंग्रह, आणि त्याच्या अलीकडे बाबांच्या शेजारची खुर्ची.

“मग तूच सांग,” बाई माझ्याकडे वळल्या. “सतरा नंबर काय होता?”

मी तोंड उघडलं. उत्तर अगदी जिभेवर होतं. माझ्या हक्काचं होतं. आणि सरांनी माझ्याकडे बघितलं. ओरडून नव्हे, धमकावून नव्हे, नुसतं बघितलं. आमच्या मागच्या खोलीत पडदा सरकवून येणारी माणसं अशीच बघतात. तिथला बाबांचा एकच कायदा आहे: खोलीत कोण आलं ते खोलीबाहेर बोलायचं नाही. आईलाही ते सांगत नाहीत. समोरच्या दुकानदाराचा विग अकरा वर्षं आमच्याकडे धुवायला येतो आणि आईला अजून वाटतं की त्याचे केस फार दाट आहेत.

मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका.

“नाही ओळखता आलं, बाई,” मी म्हटलं.

“काहीच नाही?”

“नाही.”

बाईंनी पेन उचललं. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, हे मी कबूल करते. “एकोणीसच मग. तिसरी वेळ ना गं तुझी?” मी मान हलवली. नाक गळायला लागलं होतं आणि रुमाल बाहेर पिशवीत राहिला होता. मनात मी सरांना अशा काही शिव्या घातल्या की त्यातल्या निम्म्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं.

“थांबा,” सर म्हणाले.

त्यांनी टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. डोकं छान तुकतुकीत होतं, फक्त कपाळावर लाल चट्ट्यांची एक सरळ ओळ. खोलीभर जटामांसीचा वास पसरला.

“सतरा नंबर माझा आहे,” ते म्हणाले.

बाईंनी डोक्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, मग भिंतीकडे. बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, पण तोंडातून आवाज आला नाही. त्याचसाठी त्यांना विभागप्रमुख केलं असावं.

सरांनी उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे सरकवली. “हिने बरोबर लिहिलंय. एकटीनेच. टक्केवारीसकट. मी दुपारपासून एकेका पेपरात जटामांसी आणि मक्याचे केस आणि ते घरटं वाचतोय, आणि बरोबर उत्तर लिहिणारी मुलगी माझ्यासाठी नापास व्हायला निघालीय. हे मला झेपणार नाही. हिला मार्क द्या.”

बाईंनी सतराची ओळ वाचली. दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला. “नाव बरोबर, उपयोग बरोबर,” त्या म्हणाल्या. “पण कुळ लिहिलेलं नाही. वापरलेला भाग लिहिलेला नाही. अर्धा मार्क.”

“अहो बाई, विगचं कुळ कसं लिहिणार ती?”

“नियम तीसही नमुन्यांना सारखाच. साडेएकोणीस.”

सर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. त्या क्षणी आम्ही दोघं एका बाजूला होतो.

“तोंडी प्रश्नाला अर्धा मार्क असतो,” बाई पुढे म्हणाल्या. “गोंद चुकीचा आहे असं ठोकून दिलंयस ना? मग बरोबर कुठला ते सांग. नाव, कुळ, भाग, उपयोग. सगळं.”

अशी मी परीक्षेत कधी बोलले नव्हते. “कांडोळाचा डिंक, बाई. झाड कांडोळ. कुळ आधी वेगळं होतं, आता भेंडी-कापसाच्या कुळात घातलंय. भाग म्हणजे खोडाच्या सालीला खाच पाडून निघणारा डिंक. पाण्यात फुगतो, कातडीला लागत नाही, खाज येत नाही. उपयोग: पोट साफ व्हायला, कातडीवर पट्ट्या चिकटवायला, दातांची कवळी बसवायच्या पावडरीत…”

बाईंनी ओठ घट्ट मिटले. “पुरे,” त्या ओठांच्या फटीतून म्हणाल्या. “वीस. जा आता. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जायची नाही.”

मी कसली जाते? मी दारातच रडायला लागले. सरांनी आपला रुमाल दिला. त्यालाही जटामांसीचा वास होता.

सरांनी नंतर टोपी घातलीच नाही. कपाट निकालाशिवाय उघडणार नव्हतं, आणि खोटं बोलायचाही त्यांना कंटाळा आला असणार. माझ्यानंतर आत गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी शांतपणे विचारलं, “सतराचा उपयोग काय लिहिलास?” आणि प्रत्येकाने त्यांच्या टकलाकडे बघत सांगितलं, “सर, केस वाढवण्यासाठी.” एक जण म्हणे म्हणाला, “खात्रीशीर उपाय आहे, सर.” विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा निकाल त्याच दिवशी पाच वाजता लागला आणि पाच वाजून एक मिनिटाने सरांनी स्वतः लाख फोडली.

मी थेट दुकानात गेले. बाबा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता.

“किती?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“वीस.”

वस्तरा थांबला. “म्हणजे पास.”

“पास.”

ते वस्तरा पट्ट्यावर घासायला लागले, उगाचच. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी भडाभडा बोलायला लागले. सतरा नंबरचं सगळं सांगितलं. कोणाचा विग ते सोडून.

“कोणाचा ते विचारू नका,” मी म्हटलं.

“विचारलं का मी?” बाबा म्हणाले. “टाके?”

“मशीनचे. तिपदरी.”

“टक्के लिहिलेस?”

“साठ-चाळीस.”

“नुसतं बघून? हात न लावता?”

“हात न लावता.”

बाबांनी गिऱ्हाइकाकडे बघितलं, गिऱ्हाइकाने आरशातून माझ्याकडे बघितलं. बाबांची छाती दोन इंच फुगली. “आणि मार्क किती दिले त्याचे?”

“अर्धा.”

“अर्धा?”

“आणि अर्धा डिंकाचा.”

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. “डिंकाला अर्धा आणि विगला अर्धा? डिंक झाडातून आपोआप गळतो! हे शिकवायला मला वीस वर्षं लागलीत!” त्यांनी कमरेचा ॲप्रन सोडला, खुर्चीवर फेकला आणि चपला पायात सरकवल्या. “कुठे बसतात तुझ्या त्या बाई?”

“बाबा, मी पास झालेय! आता मी दुकानात येणार नाही, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय ना. बहिरा नाही मी. नको येऊस. पण मार्क पूर्ण घेऊन जा!”

“अहो, पण माझं काय?” गिऱ्हाईक फेसातून म्हणालं.

“बसा हो. तुमचं निदान अर्धं तरी झालंय!” बाबा म्हणाले आणि तरातरा रस्त्याला लागले. पाच मिनिटांपूर्वी मी नापास व्हावं असं मनातून वाटणारा हा माणूस माझ्या अर्ध्या मार्कासाठी विद्यापीठाशी भांडायला निघाला होता. निकाल ऐकून मला जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा तेव्हा झाला.

मी दारातून बघत होते. कोपऱ्यावर ते थांबले, वळले आणि तिथूनच ओरडले, “विद्यापीठ कुठल्या बाजूला आहे?”

मी हाताने दिशा दाखवली, आत आले आणि गिऱ्हाइकाचा उजवा गाल करायला घेतला.